माहेरच्या नावाचे शंभर शेअर

घाटकोपरच्या भटवाडीत त्या वर्षी नावांना भाव आला. माणसांना नव्हे. माणसांचा भाव गिरण्यांच्या संपात एकदा उतरला तो पुन्हा चढला नव्हता. भाव आला तो नुसत्या नावांना. शहाऐंशीची होळी होऊन गेली होती, डोंगरावरच्या चाळींत पाण्याची ओढ सुरू झाली होती, आणि खाली स्टेशनच्या पूर्वेला माणिकभाईच्या गाळ्यात कृत्रिम धाग्याच्या एका कंपनीचे फॉर्म गठ्ठ्यांनी येऊन पडले होते.

कंपनी गुजरातेत कुठेशी उभी राहायची होती. शेअर दहा रुपयांचा. निदान शंभर मागायचे. अर्जाबरोबर शेअरमागे अडीच रुपये भरायचे आणि शेअर लागले तर उरलेले साडेसात. मागणाऱ्यांची रीघ अशी, की मागेल त्याला शेअर मिळणे शक्यच नव्हते. अर्जांची सोडत निघायची, आणि तीत लहान अर्जदाराला आधी झुकते माप. म्हणून ज्याच्या खिशात पैसा, त्याने एक मोठा अर्ज भरण्यापेक्षा शंभर-शंभर शेअरचे पुष्कळ लहान अर्ज भरलेले बरे. पण एका माणसाने एकच अर्ज भरायचा, असा नियम. माणिकभाईकडे पैसा होता, नावे नव्हती. नावे डोंगरावर होती.

ती खाली उतरवायचे काम दशरथ परबाकडे होते. दशरथ पूर्वी गिरणीत मागावर असे. गिरणी गेली तसा साकीनाक्याच्या एका औषध कंपनीच्या गेटवर बसू लागला. माणूस बोलका, शब्दाचा पक्का. चाळीच्या गणपतीची वर्गणी त्याच्याच हाती. तो बोट ठेवील तिथे लोक सही करत. व्यवहार सोपा होता. नाव द्यायचे, फॉर्मवर सही करायची, वीस रुपये घ्यायचे. अर्जाचे अडीचशे माणिकभाई भरणार. शेअर लागले तर ते माणिकभाईचे; मात्र ज्याच्या नावावर लागले त्याने ट्रान्सफरच्या कागदावर सही केल्याशिवाय ते हलत नसत, म्हणून त्या सहीचे आणखी दोनशे. लिहिलेले काही नाही. सगळे तोंडावर.

चाळीतले पुरुष संपले. त्यांचे मुलगे संपले. बायका संपल्या, दशरथची बायको रुक्मिणीही त्यांत आली. गावाकडच्या म्हाताऱ्यांची नावे झाली. माणिकभाई म्हणत होता, आणखी आण.

एका संध्याकाळी दशरथ चहा पीत बसला होता. रुक्मिणी पोळ्या लाटत होती. गावाकडून आलेली, लग्ने न झालेली मुले तिच्याकडे जेवायला असत, त्यांचे डबे भरायचे होते. दशरथने कप खाली ठेवला.

"तुझं ते आधीचं नाव काय गो? सुमन की काय?"

"सुगंधा."

"हां, सुगंधा. सुगंधा लवू गावडे." त्याने मांडीवर थाप मारली. "झालं की मग काम!"

रुक्मिणीचे लाटणे थांबले. लग्नात ताटातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने रुक्मिणी असे कोरले, त्या दिवसापासून सुगंधा कोणी म्हटले नव्हते. माहेरी गेली तर भाऊ 'ताई' म्हणे, भावजय 'वन्सं'. आईने मारलेली हाक आईबरोबर गेली.

"एका माणसाने दोन फॉर्म भरायचे नसतात म्हणता ना?"

"एक माणूस कुठे आहे? रुक्मिणी परब वेगळी, सुगंधा गावडे वेगळी. सुगंधा गावडेला मी धड ओळखत पण नाय. बघायला गेलेलो तेव्हा मान वर केलीन तर शपथ!"

"वर केली असती तर मीच नाही म्हणाले असते," रुक्मिणी म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी ही युक्ती नळावर गेली. बायका आधी हसल्या. मग हंडा भरता भरता एकेक जण आपले नाव सांगू लागली. सगळे जिला भागीरथी म्हणत ती चंपा निघाली. कोणी शेवंती, कोणी आवडी. एकीला पूर्ण नाव आठवेना, आई 'बाबल्या' म्हणायची तेवढेच आठवले. दशरथने तिला खरे नाव विचारण्यासाठी माहेरी कार्ड टाकायला लावले. रुक्मिणीची शेजारीण जयंती, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर आणि तोंडाने त्याच्याहून चालती, ती प्रेमा निघाली. तिने कमरेवर हंडा घेतला आणि जात्यावरच्या चालीत तिथल्या तिथे जुळवून टाकले:

"माझ्या गो नावाला वीस रुपये भाव,
बापाचं घेते नाव शेटाच्या दारी!"

नळावर पाणी जाईपर्यंत तेच चालले. ज्या चाळीत जन्मात कोणी कोणाला माहेरच्या नावाने हाक मारली नव्हती, तिथे दोन दिवस बायका एकमेकींना मुद्दाम जुन्या नावाने बोलवत होत्या, आणि हाक मारलेली बाई दर वेळी उशिराने वळून बघत होती.

फॉर्म भरला दशरथने. सही रुक्मिणीने केली. मराठी शाळेत चौथीपर्यंत गिरवलेले अक्षर. लवूचा उकार लांब ओढायची तिची सवय होती, तो हात न सांगता तसाच ओढला गेला. वीस रुपये दशरथने घरखर्चात घातले. ते तिने पाहिले नाहीत आणि विचारलेही नाहीत.

पुढे उन्हाळाभर दशरथ घरी येताना एक आकडा घेऊन येई. लोक क्रिकेटच्या धावा सांगतात तसा चपला काढायच्या आधीच सांगे. "बाहेर अठरा झाला." "पंचवीस." "आज बत्तीस बोलले, बत्तीस!" रुक्मिणीला त्यातले काही कळत नसे, पण आकडा वाढला की नवऱ्याला जेवण जास्त जाते, हे तिच्या ध्यानात आले होते.

वटपौर्णिमेच्या सुमारास सोडतीची पत्रे आली. डोंगरावरून एवढी नावे गेली होती, त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना शेअर लागले. पुरुषांपैकी कोणाला नाही. रुक्मिणी दशरथ परब, नाही. प्रेमाला लागले, म्हणजे जयंतीला. आणि सुगंधा लवू गावडे, शंभर.

जयंतीने त्याच दिवशी सही केली, दोनशे घेतले आणि स्टीलचे पिंप आणले. दशरथने रुक्मिणीपुढे ट्रान्सफरचा कागद ठेवला. छापील, वरचा भाग सगळा कोरा. खाली पेन्सिलीने फुली केली होती.

"इथे. फॉर्मवर केलीस तश्शीच कर. लवूचा उकार लांब."

रुक्मिणीने पदराला हात पुसले. पेन घेतले. आणि मग ते तसेच धरून राहिली.

"ह्यात काय लिहिलंय?"

"शेअर दिले असं."

"कोणाला?"

"ते मागनं भरतात. तू सही कर."

"म्हणजे सोडले असं."

"सोडले म्हण, दिले म्हण. दोनशे रुपये आहेत."

अशा कागदावर तिने पूर्वी एकदा सही केली होती. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाला ती गावी गेली, तेव्हा तिचा भाऊ धाकू कुडाळहून स्टॅम्पपेपर घेऊन आला होता. हक्कसोड. घर, चार आंबे, नदीकडचा मळा, ह्यांत बहिणीचा जो काय हिस्सा तो तिने राजीखुशीने सोडला. बहिणीने त्यात बोलायचे नसते, आणि तीही बोलली नव्हती. तलाठी म्हणाला, माहेरच्या नावाने सही करा. तेव्हा हात अडला नव्हता. भावाने लुगडे-चोळी केली, गाडीत बसवताना फणस दिला. तिला वाईट वाटले नव्हते. आज पेन हातात धरून बसली असतानाही वाईट असे काही वाटत नव्हते. एवढेच दिसत होते, की ह्या नावाची आठवण कोणाला झाली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा ते सोडून घ्यायलाच.

तिने पेनाला टोपण लावले.

"नाही करत."

दशरथला वाटले थट्टा आहे. मग वाटले दोनशेचे अडीचशे हवेत. मग त्याने आवाज चढवला.

"अगो, मी शब्द दिलाय माणिकभाईला!"

"तुम्ही दिलात."

"मग? बायकोचा शब्द नवऱ्याहून वेगळा असतो काय?"

"बायकोचा नसेल. पण तुम्हीच म्हणालात, सुगंधा गावडे वेगळी बाई. धड ओळखत पण नाही तिला. मग तिचा शब्द तुम्ही कसा देऊन आलात?"

"तुला वकील करून कोर्टात उभी करायला हवी होती," एवढे म्हणून दशरथने चपला पायात सरकवल्या आणि तो खाली निघून गेला.

जयंती पलीकडून सगळे ऐकत होती. भिंत कुडाची नव्हती, पण असल्यासारखीच होती.

"गो वैनी, दोनशे घे नि मोकळी हो," ती दारात येऊन म्हणाली. "नाव काय झिजता सहीने? माझा बघ, झिजला काय?"

रुक्मिणीने तिला हक्कसोडीचे सांगितले. जयंती हसली.

"ता तर मी पण केलंय. सगळ्यांनीच केलंय."

"तुला काय वाटलं?"

"काय वाटायचा? लुगडा मिळाला. हिरवा होता." जयंती थोडा वेळ नव्या पिंपाच्या झाकणावरून बोट फिरवीत राहिली, ते ती दाखवायला बरोबर घेऊन आली होती. "मळ्यात आमच्या वाल व्हायचो," ती म्हणाली आणि झाकण उचलून घरी गेली.

मग माणिकभाई स्वतः डोंगर चढून आला. जाडसर माणूस, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तो लोखंडी खुर्चीवर बसला, रुक्मिणीने दिलेले कोकम सरबत एका दमात प्याला आणि आणखी मागितले. वाईट माणूस नव्हता. जयंतीचे दोनशे त्याने मागण्याआधी पाठवले होते.

"बेन, काय अडचण आहे? मला सांगा. दशरथभाईंना नको, मला सांगा."

"अडचण काही नाही."

"हा शेअर आज बाहेर बत्तीस चालतो. उद्या पस्तीस होईल."

"बाहेर म्हणजे कुठे?"

माणिकभाईने सवयीने दाराबाहेर पाहिले. बाहेर जयंतीचे वाळवण होते. "बाहेर म्हणजे बाजाराच्या बाहेर. मोठ्या बाजारात हा शेअर अजून आलाच नाही. तिथं नोंद व्हायला वेळ आहे. तोपर्यंत आमचं आमच्यात चालतं. गाळ्यावर, फोनवर, फुटपाथवर. दहाच्या वर बत्तीस."

"म्हणजे एक बेचाळीसला."

"बरोब्बर."

"हे कंपनीने ठरवलं?"

"कंपनीला दहाच मिळणार. सरकारने तिला दहाच सांगितलेत. वरचा भाव लोकांचा. ज्याला शेअर लागला नाही आणि पाहिजे, तो बोलतो."

"लोकांनी कारखाना बघितलाय?"

"कारखाना अजून उभा पण नाय, बेन."

रुक्मिणी चुलीजवळच्या पाटावर बसली. तिला हे ओळखीचे वाटू लागले होते. "आमच्याकडे मोहरावर बाग देतात," ती म्हणाली. "झाडावर कैरीसुद्धा नसते. व्यापारी येतो, मोहर बघतो, भाव बोलतो आणि जातो. तसंच ना?"

"तसंच! अगदी तसंच!" माणिकभाई खूश झाला. इतक्या वर्षांत कोणाला हे इतके लवकर कळले नव्हते, असे त्याने दशरथकडे बघून सांगितलेही.

"तो निदान मोहर तरी बघतो."

दशरथ खोकला.

"आणि मोहर गळला तर?" तिने विचारले.

"तर ज्याने घेतली त्याचं नशीब. धंदा आहे." माणिकभाईने दुसरा पेला खाली ठेवला. "आता माझी गोष्ट ऐका. तुमचे शंभर मी पुढे देऊन बसलोय. बत्तीसने. कागद नाय, फक्त जबान. बाजारात नोंद झाली की मला ते द्यायला लागतील. तुमची सही नाय आली तर मी कुठून देऊ?"

हे मात्र तिला लागले. तिने त्याचा रिकामा पेला उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाली, "तुमचे अडीचशे मी देते. पुढचे साडेसातशेही मीच भरते. शेअर तेवढे राहू देत."

"आणि वरचे बत्तीसशे?"

तेवढे तिच्याकडे नव्हते. त्या घरातही नव्हते. माणिकभाईने ते तिच्या तोंडावर वाचले. तो रागावला नाही. खुर्चीच्या दांडीला धरून उठला, दारात चपला शोधल्या.

"दशरथभाई, आपलं सगळं शब्दावर चाललं होतं," तो म्हणाला. "पुढच्या कंपनीच्या इश्यूला इथली नावं नकोत."

वीस-वीस रुपये यायचे बंद झाले आणि त्याचे बोल रुक्मिणीला नळावर ऐकायला मिळाले. जी चंपा दोन दिवस चंपा होती ती पुन्हा भागीरथी झाली आणि भागीरथीच्या ठसक्यात म्हणाली, "एकीच्या हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर." दशरथ जेवायला बसे, ताटाकडे बघून जेवे आणि उठे. आकडा सांगणे त्याने बंद केले. रुक्मिणीने डबे भरले, भांडी घासली, रात्री सोडतीच्या पत्राचे पाकीट तांदळाच्या डब्यामागे आहे की नाही पाहिले. आपण करतोय ते बरोबर की चूक, असे तिने स्वतःला विचारले असते तर तिला सांगता आले नसते. बत्तीसचे पस्तीस झाले हे तिला जयंतीने सांगितले. पस्तीसशेचा आकडा मनात धरून ती एक दिवस पीठ मळताना थांबलीही होती. तेवढ्यात गॅसच्या नंबराची, गावी शिकणाऱ्या मुलाच्या कॉलेजची, छपराच्या पत्र्याची, सगळ्यांची रांग मनात लागली. ती रांग पुढे सरकेपर्यंत पीठ सैल झाले, आणि तिने वर कोरडे पीठ घातले.

आषाढात भाव थबकला. का, ते भटवाडीत कोणाला माहीत नव्हते. खाली म्हणत, फार इश्यू आले, लोकांचे पैसे जिकडे तिकडे अडकले. कोणी म्हणे ह्या कंपनीची यंत्रेच बंदरात पडून आहेत. पस्तीसचा पंचवीस झाला, पंचवीसचा बारा. माणिकभाईकडून ज्यांनी शब्दावर घेतले होते, ते फोन उचलीनात. उचललाच तर म्हणत, कुठले शेअर, आम्ही तर नुसता भाव विचारला होता. मोठ्या बाजारात नोंद झाली त्या दिवशी शेअर नऊला उघडला. आठवडाभरात सातवर आला. दहाच्या वरचे सगळे गेले आणि दहातलेही तीन गेले.

त्या संध्याकाळी दशरथ चपला न काढता उंबऱ्यावर बसला.

"सात," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी सांगितलेला आकडा.

"वर सात?"

"वर नाय. सगळे मिळून सात."

रुक्मिणीने त्याला पाणी दिले. तो प्याला आणि रिकाम्या पेल्यात बघत म्हणाला, "माणिकभाईचा निरोप आहे. बेनना सांग, शेअर त्यांना लखलाभ. माझे अडीचशे तेवढे द्या."

अडीचशे द्यायला ती स्वतः गेली. गॅसचा नंबर लागेल तेव्हा लागतील म्हणून खानावळीतून बाजूला काढलेले पैसे होते, त्यांतले. माणिकभाईच्या गाळ्यात फॉर्मच्या गठ्ठ्यांवर धूळ बसली होती आणि पंखा बंद होता. तो निम्म्याने उतरल्यासारखा दिसत होता. त्याने नोटा मोजल्या नाहीत, तशाच खणात टाकल्या आणि एकाएकी हसू लागला.

"एवढे फॉर्म भरले, बेन. शेअर लागले त्या प्रत्येकावर बुडालो. फक्त ह्या एका फॉर्मवर वीस रुपयांच्या वर पैसा गेला नाय." त्याने तिच्याकडे बोट केले. "दशरथभाईंना सांगा, पुढच्या टायमाला अशाच आडमुठ्या बायका आणा."

"सांगते."

"आणि ऐका. साडेसातशे भरू नका. भरून काय मिळणार? सातशेचा माल. मी माझ्या सगळ्या नावांचे सोडून दिले. भरले नाय की कंपनी आपोआप रद्द करते. सोडून द्या तुमी पण."

ती नमस्कार करून निघाली.

घरी आल्यावर तिने राहिलेले पैसे मोजले. साडेसातशेला थोडे कमी पडत होते. ते तिने जयंतीकडे मागितले.

"कशाक होये?"

"शेअरचे भरायला."

जयंतीने कपाळावर हात मारून घेतला. "गो बाय माझ्या! मी दोनशे घेऊन पिंप आणलंय. तू दोनशे सोडलंस, अडीचशे दिलंस, आता साडेसातशे भरतलंस, नि मिळतला काय तर सात! तुझ्या ह्या सुगंधाक एकदा डॉक्टराकडे ने." पण उठली, पिंपातल्या तांदळात हात घालून पुरचुंडी काढली आणि पुढे केली. "दिवाळीपर्यंत दे. माझ्या घोवाक सांगू नको."

शेवटची तारीख नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी होती. रुक्मिणी सकाळचे डबे देऊन पुलावरून पूर्वेला उतरली. होळीनंतर ह्याच बँकेच्या दारात फॉर्म भरणाऱ्यांची रांग रस्त्यावर गेली होती, असे दशरथने सांगितले होते. आज त्या खिडकीपुढे एक मांजर होते. आत बसलेल्या क्लार्कने पत्र पाहिले, मग तिला पाहिले, मग पुन्हा पत्र.

"हे भरायचे आहेत?"

"हो."

"बाई, कोणी सांगितलं तुम्हाला? आज भाव साडेसहा आहे. एवढ्याच पैशांत बाजारात शंभराहून जास्त मिळतील."

"ते दुसऱ्याच्या नावावरचे असतील ना?"

"विकत घेतले की तुमच्या नावावर होतील."

"हे आधीपासून आहेत," रुक्मिणी म्हणाली.

क्लार्कने खांदे उडवले. त्याने नोटा दोनदा मोजल्या, शिक्का मारला, पावती फाडून पुढे सरकवली. ती पावती हातात घेऊन उभीच राहिली.

"काय?"

"ह्याच्यावर सही कुठे करायची?"

"सही नाही लागत. पैसे भरताना सही कशाला?"

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. ठेवायचं. सर्टिफिकेट पोस्टाने येईल, तेही ठेवायचं." त्याला वाटले, हिला अजून कळलेले नाही. म्हणून त्याने सावकाश सांगितले, "तुमचे शेअर तुमच्याकडे."

ती बाहेर आली तेव्हा उसाच्या गाड्याशी दशरथ उभा होता. गेटवरची ड्यूटी सोडून आला होता की सुट्टी टाकून, ते त्याने सांगितले नाही.

"भरलेस?"

"भरले."

"सातचा माल दहाला."

"साडेसहाचा. आज उतरलाय."

दशरथने तिच्याकडे पाहिले. गाड्यावरच्या घुंगरांचा आवाज चालू होता. हसू येऊ नये म्हणून त्याने मिशी चावली, पण ते डोळ्यांत आलेच.

"सुगंधा गावडे फार पैसेवाली दिसते," तो म्हणाला.

"आहेच. कंपनीत हिस्सा आहे तिचा."

"मग रस ती पाजणार?"

"तिच्याकडे आता दमडी नाही," रुक्मिणी म्हणाली आणि पावती पोलक्यात सारली. "तुम्हीच पाजा. तिला मोठा पेला सांगा."